अवलंबित जोडीदाराचा अमेरिकी करक्रमांक : अर्ज सोपा, प्रश्न पासपोर्टचा

चेन्नईच्या अण्णा सालईवर, जेमिनी सर्कलच्या उड्डाणपुलालगत अमेरिकेचा महावाणिज्य दूतावास आहे. तमिळनाडू, केरळ, पुदुच्चेरी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार यांच्याबरोबरच संपूर्ण कर्नाटकही त्याच्या कार्यक्षेत्रात येते. त्यामुळे महाराष्ट्र आणि गोव्याचा संबंध मुंबईच्या दूतावासाशी असला, तरी बेळगाव, निपाणी, बिदर येथील मराठी कुटुंबे आणि बंगळुरूत स्थिरावलेले मराठी अभियंते यांच्यासाठी अमेरिकेचे दार चेन्नईतच उघडते. शिवाय व्हिसासाठी देशातील कोणत्याही केंद्रात अर्ज करता येत असल्याने पुण्या-नागपूरचे अर्जदारही तारीख मिळेल तिथे, म्हणजे अनेकदा चेन्नईला जातात.

पती किंवा पत्नी अमेरिकेत 'एच-१बी' व्हिसावर नोकरी करीत आहे आणि जोडीदार 'एच-४' या अवलंबित व्हिसाच्या प्रतीक्षेत भारतात आहे, अशा कुटुंबांपुढे जानेवारी ते एप्रिल या काळात एक पेच उभा राहतो. अमेरिकेतील प्राप्तिकर विवरणपत्र संयुक्तपणे भरायचे तर जोडीदाराला तेथील करदाता क्रमांक हवा, आणि तो क्रमांक मिळवायचा तर जोडीदाराचा पासपोर्ट दाखवायला हवा. नेमका तोच पासपोर्ट व्हिसासाठी दूतावासात द्यायचा असतो. एकच दस्तऐवज दोन ठिकाणी मागितला जातो, आणि या प्रक्रियेतील बहुतेक अडचणींचे मूळ तिथे आहे.

या क्रमांकाला 'इंडिव्हिज्युअल टॅक्सपेअर आयडेंटिफिकेशन नंबर', संक्षेपाने 'आयटीआयएन' म्हणतात. इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस अर्थात आयआरएस हा अमेरिकेचा करविभाग तो देतो. ही व्यवस्था १९९६ साली सुरू झाली. क्रमांक नऊ अंकी असून त्याचा पहिला अंक नेहमी ९ असतो. ज्यांना अमेरिकेत कर विवरणपत्रात आपली ओळख द्यावी लागते, पण सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळण्याची पात्रता नाही, अशांसाठी तो आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक सर्वसाधारणपणे काम करण्याचा परवाना असलेल्यांनाच मिळतो आणि 'एच-४' धारकाला तो परवाना आपोआप मिळत नाही, म्हणून ही दुसरी वाट.

प्रत्येक अवलंबित जोडीदाराला मात्र या वाटेने जावे लागत नाही. २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, ज्यांच्या जोडीदाराची ग्रीनकार्डसाठीची याचिका एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाली आहे, असे 'एच-४' धारक कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतात. तो मिळाला की ते सोशल सिक्युरिटी क्रमांकास पात्र ठरतात. कंपनीअंतर्गत बदलीवर गेलेल्यांच्या जोडीदारांना, म्हणजे 'एल-२' धारक पती-पत्नींना, नोव्हेंबर २०२१ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर त्यांच्या व्हिसा दर्जामुळेच काम करण्याची मुभा आहे. अशा व्यक्तींनी 'आयटीआयएन'साठी अर्ज करणे चुकीचे ठरते, कारण सोशल सिक्युरिटी क्रमांकास पात्र असलेल्याला करविभाग हा क्रमांक देत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२५ या करवर्षासाठी विवाहित दांपत्याने संयुक्त विवरणपत्र भरल्यास ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट मिळते. विवाहित व्यक्तीने स्वतंत्र विवरणपत्र भरल्यास ती निम्मी, म्हणजे १५,७५० डॉलर होते. कराचे टप्पेही स्वतंत्र विवरणपत्रात लवकर चढतात. एकाचेच वेतन आहे, ते वर्षाला १ लाख डॉलर आहे आणि दुसऱ्याला काहीच उत्पन्न नाही, असे धरले तर संयुक्त विवरणपत्रात संघराज्याचा प्राप्तिकर सुमारे ७,७४० डॉलर, तर स्वतंत्र विवरणपत्रात सुमारे १३,४५० डॉलर होतो. फरक ५,७०० डॉलरच्या आसपास. नुकत्याच परदेशी गेलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम काही महिन्यांच्या घरभाड्याची असते.

संयुक्त विवरणपत्राची किंमत

हा लाभ मिळण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, नोकरी करणारा जोडीदार अमेरिकी करकायद्याच्या दृष्टीने 'निवासी' आहे का. चालू वर्षात किमान ३१ दिवस वास्तव्य आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, आदल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून १८३ दिवस, असा हा हिशेब आहे. 'एच-१बी'ची नवी नोकरी बहुधा १ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि तेव्हापासून वर्षअखेरपर्यंत ९२ दिवसच भरतात. म्हणून थेट भारतातून प्रथमच गेलेली व्यक्ती त्या पहिल्या वर्षी सहसा अनिवासी ठरते आणि अनिवासी व्यक्तीला संयुक्त विवरणपत्र भरता येत नाही. पहिल्या वर्षासाठी कायद्यात काही विशेष पर्याय आहेत, परंतु ते जाणकार सल्लागाराशिवाय वापरू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नोकरी करणारा निवासी असेल आणि जोडीदार चेन्नईतच असेल, तर अमेरिकी करसंहितेच्या कलम ६०१३(जी) नुसार त्या जोडीदारालाही निवासी मानावे, असा पर्याय दांपत्य निवडू शकते. त्यासाठी दोघांच्या सहीचे निवेदन विवरणपत्रासोबत जोडावे लागते. ही सही म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे. तिच्यामुळे दोघांचेही जगभरातील उत्पन्न अमेरिकी कराच्या कक्षेत येते. पत्नी चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करीत असेल, तर तिचे ते वेतन, मुदतठेवीवरील व्याज, माहेरच्या घराच्या भाड्यातील वाटा, हे सर्व विवरणपत्रात दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराची सवलत मिळवण्याची सोय आहे, तरी हिशेब करून पाहिल्यावर काही कुटुंबांना संयुक्त विवरणपत्र फारसे फायद्याचे पडत नाही. जोडीदाराला उत्पन्न नसेल तेव्हा मात्र ते जवळजवळ नेहमीच लाभदायक असते.

एकदा निवडलेला हा पर्याय पुढील वर्षांनाही लागू राहतो. तो मागे घेतला, तर त्याच दांपत्याला पुन्हा निवडता येत नाही. तसेच संयुक्त विवरणपत्रातील कराची जबाबदारी दोघांवरही येते. 'इथे सही कर' असे सांगून आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी भारतातील जोडीदाराने तो वाचलेला असावा, एवढे तरी घडायला हवे.

डब्ल्यू-७ आणि त्यासोबतचे कागद

अर्जाचा नमुना 'डब्ल्यू-७' या नावाने ओळखला जातो. करविभाग त्यासाठी कोणतेही शुल्क आकारत नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र अर्ज लागतो. अर्ज एकटा पाठवायचा नसून तो विवरणपत्राच्या वर जोडून, दोन्ही मिळून टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील 'आयटीआयएन' कक्षाकडे कागदी स्वरूपात जातात. विवरणपत्रात जोडीदाराच्या क्रमांकाची जागा कोरी ठेवायची असते. क्रमांक दिल्यावर करविभागच ती भरतो आणि विवरणपत्र पुढील प्रक्रियेस पाठवतो. 'आधी क्रमांक काढून घेऊ, मग विवरणपत्र भरू' हा आपल्याकडील पॅनच्या अनुभवातून आलेला विचार इथे चालत नाही. २०१८ पासून नियम आणखी घट्ट झाला असून, जोडीदारामुळे विवरणपत्रात प्रत्यक्ष करलाभ मिळत नसेल तर क्रमांकही मिळत नाही.

अर्जाच्या सुरुवातीला क्रमांक कोणत्या कारणासाठी हवा, हे अक्षरांपुढील चौकटीत खूण करून सांगावे लागते. अमेरिकी नागरिकाच्या किंवा करदृष्ट्या निवासी व्यक्तीच्या जोडीदारासाठी 'ई' ही चौकट आहे, तर अनिवासी व्हिसाधारकाच्या जोडीदारासाठी 'जी'. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्याने केवळ 'व्हिसा' हा शब्द पाहून 'जी'वर खूण केल्यास अर्ज आणि विवरणपत्र यांचा मेळ बसत नाही. परदेशातील करक्रमांकासाठीही एक रकाना आहे. भारतातील अर्जदाराचा पॅन तिथे येतो.

आता मुख्य प्रश्नाकडे. ओळख आणि परदेशी नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी करविभागाने १३ प्रकारचे दस्तऐवज मान्य केले आहेत. त्यांपैकी दोन्ही गोष्टी एकट्याने सिद्ध करणारा दस्तऐवज एकच, तो म्हणजे पासपोर्ट. पासपोर्ट नसेल तर किमान दोन दस्तऐवज लागतात आणि त्यांतील एकावर छायाचित्र असावे लागते. राष्ट्रीय ओळखपत्र यादीत आहे, परंतु त्यावर नाव, छायाचित्र, पत्ता, जन्मतारीख आणि वैधतेची अंतिम तारीख असावी, अशी अट आहे. आधारकार्डावर अंतिम तारीख नसते. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना आणि जन्मदाखला यादीत आहेत. विवाह प्रमाणपत्र नाही, जरी नाव बदलले असल्यास ते पूरक पुरावा म्हणून कामी येते.

पासपोर्टची साधी छायाप्रत चालत नाही. नोटरीची मोहर असलेली प्रतही २०१२ च्या मध्यापासून करविभागाने नाकारली आहे. आपल्याकडे न्यायालयाच्या आवारात दहा मिनिटांत मिळणारी 'ट्रू कॉपी' जोडून पाठवलेले अर्ज म्हणूनच परत येतात. करविभागाला हवा असतो मूळ पासपोर्ट, किंवा तो देणाऱ्या यंत्रणेने स्वतः प्रमाणित केलेली प्रत.

मूळ पासपोर्ट टपालाने ऑस्टिनला पाठवणे कायदेशीरदृष्ट्या अमेरिकेला मान्य असले, तरी भारतीय पासपोर्टवरच त्याविरुद्ध सूचना छापलेली असते. पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो कोणत्याही देशाबाहेर टपालाने पाठवू नये आणि धारकाच्या किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीच्या ताब्यात असावा, असे पुस्तिकेतील सूचनेत नमूद आहे. फारच थोडे लोक ती वाचतात. शिवाय मूळ कागदपत्रे परत येण्यास ६० दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. व्हिसाची मुलाखत तोंडावर असलेल्या माणसाला तेवढे दिवस पासपोर्टशिवाय राहणे परवडणारे नाही.

व्यवहार्य मार्ग तीन उरतात. जोडीदार भारतात असेल तर सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे 'सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट'. हे करविभागाने अधिकृत केलेले खासगी व्यावसायिक असतात, आणि त्यांची देशवार यादी करविभागाच्या संकेतस्थळावर असून तीत भारताचाही समावेश आहे. एजंट मूळ पासपोर्ट स्वतः तपासतो, अर्जदाराची मुलाखत घेतो, पासपोर्ट परत करतो आणि अचूकतेचे प्रमाणपत्र अर्जाला जोडतो. पासपोर्ट देशाबाहेर जात नाही. एजंटचे शुल्क मात्र त्याचे स्वतःचे असते, म्हणून ते आधी विचारून घ्यावे आणि त्याचे नाव यादीत आहे याची खात्रीही स्वतः करावी. 'आमची ओळख आहे' हे वाक्य यादीला पर्याय ठरत नाही.

दुसरा मार्ग अमेरिकी दूतावासातील अधिकाऱ्याकडून प्रत प्रमाणित करून घेण्याचा. दूतावासांतील नोटरी सेवेचे शुल्क प्रत्येक मोहरेमागे ५० डॉलर आहे. ही सेवा व्हिसा विभागापासून वेगळी असून तिची वेळ स्वतंत्रपणे घ्यावी लागते. व्हिसाच्या मुलाखतीला गेल्यावर खिडकीतूनच हेही काम उरकून घेऊ, असे होत नाही. सेवेचे स्वरूप देशागणिक बदलते, तेव्हा पूर्वचौकशी आवश्यक.

तिसरा मार्ग जोडीदार अमेरिकेत पोहोचल्यानंतरचा. तेथील भारतीय वाणिज्य दूतावास पासपोर्टची प्रत साक्षांकित करून देतात. त्याखेरीज करविभागाच्या काही करदाता साहाय्य केंद्रांत आगाऊ वेळ घेऊन गेल्यास कर्मचारी पासपोर्ट तपासून तिथल्या तिथे परत करतात. मुलाखतीची तारीख जवळ असेल आणि कराचा हिशेब थोडा थांबू शकत असेल, तर घाई न करता हा मार्ग धरणे शहाणपणाचे.

चेन्नईत थांबलेल्या अर्जदारासाठी क्रम महत्त्वाचा आहे. मुलाखतीत व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट शिक्का उमटवण्यासाठी दूतावास ठेवून घेतो. त्या काळात एजंटकडे दाखवायला हातात काहीच नसते. म्हणून एजंटची तपासणी मुलाखतीपूर्वी उरकावी किंवा पासपोर्ट परत आल्यावर करावी. १५ डिसेंबर २०२५ पासून 'एच-१बी' आणि 'एच-४' अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची छाननी सुरू झाली, आणि त्यापायी अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीवर आलेली कित्येक कुटुंबे भारतात अडकली. त्यांच्या मनस्तापात या करक्रमांकाची भर पडली असली, तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. लांबलेल्या प्रतीक्षेत पासपोर्ट त्यांच्याच हातात असतो आणि तपासणी करून घेण्यास हाच काळ योग्य ठरतो. जोडीदाराच्या अर्जासाठी पासपोर्टवर अमेरिकेत प्रवेशाचा शिक्का असण्याची अट नाही. ती अट विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवलेल्या मुलांच्या पासपोर्टला आहे.

नावांचा गुंता

अर्जावरील नाव पासपोर्टप्रमाणे हवे, हे वाचायला सोपे आहे. तमिळनाडूत आडनाव लावण्याची प्रथा नाही. नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. अशा वेळी अमेरिकी व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी येते व पहिल्या नावाच्या ठिकाणी 'एफएनयू', म्हणजे 'पहिले नाव अज्ञात' ही अक्षरे पडतात. पाहता पाहता एका माणसाची दोन नावे तयार होतात.

मराठी घरांतील अडचण निराळी. लग्नानंतर पत्नीचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आणि काही घरांत पहिले नावही बदलते. पासपोर्ट माहेरच्या नावाने, बँकखाते सासरच्या नावाने आणि विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही, अशी स्थिती सर्रास दिसते. डब्ल्यू-७ मध्ये सध्याच्या नावाखाली जन्मनावासाठी वेगळी ओळ आहे, तिचा उपयोग करावा. अर्ज, विवरणपत्र आणि पासपोर्ट या तिन्हींवर मात्र नाव अक्षरशः एकच असावे. पासपोर्टवर नाव बदलण्याचा विचार असेल, तर ते काम करक्रमांकाच्या आधी करावे. नंतर केल्यास दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागते.

मुदत चुकली तर

२०२५ च्या विवरणपत्राची अंतिम तारीख १५ एप्रिल २०२६ आहे. फॉर्म ४८६८ भरून ती १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवता येते. त्या फॉर्मवर जोडीदाराच्या क्रमांकाच्या जागी 'आयटीआयएन मागवावयाचा आहे' अशा अर्थाची ठरावीक इंग्रजी नोंद करायची असते. डब्ल्यू-७ त्याला जोडायचा नसतो. वाढीव मुदत कागदपत्रांसाठी असते, कर भरण्यासाठी नव्हे. देय कर १५ एप्रिललाच भरावा लागतो.

ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी स्वतंत्र विवरणपत्र भरून ठेवावे. अमेरिकेत उत्पन्न नसलेल्या अनिवासी जोडीदाराच्या क्रमांकाच्या जागी 'एनआरए' ही अक्षरे लिहिली की त्याच्या करक्रमांकाची गरज पडत नाही. पुढे मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत दुरुस्त विवरणपत्र आणि डब्ल्यू-७ एकत्र पाठवून संयुक्त पर्याय स्वीकारता येतो व जादा भरलेला कर परत मागता येतो. पासपोर्ट दूतावासात अडकल्यामुळे लाभ कायमचा बुडाला, अशी समजूत करून घेतलेल्या कुटुंबांनी ही तरतूद लक्षात ठेवावी. तारखेच्या धाकाने पासपोर्ट परदेशी टपालात टाकण्याचे कारण नाही.

अर्जावर निर्णय होण्यास साधारण सात आठवडे लागतात. १५ जानेवारी ते ३० एप्रिल या गर्दीच्या काळात, किंवा अर्ज परदेशातून आल्यास, नऊ ते अकरा आठवडे. क्रमांक मंजूर झाल्याचे पत्र 'सीपी ५६५', अधिक माहिती मागणारे 'सीपी ५६६' आणि नामंजुरीचे 'सीपी ५६७' या क्रमांकाने येते. माहिती मागणाऱ्या पत्राला ४५ दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि ते चेन्नईच्या पत्त्यावर टपालाने येणार असेल तर त्यातील बरेच दिवस प्रवासातच सरतात. म्हणून अर्जावर खात्रीशीर टपालपत्ता द्यावा.

मुलांबाबतचा नियम थोडक्यात असा. भारतात राहणाऱ्या मुलासाठी साधारणपणे हा क्रमांक मिळत नाही. 'एच-४'वर अमेरिकेत राहून तेथील निवासी ठरलेल्या, भारतात जन्मलेल्या मुलासाठी तो मिळू शकतो आणि त्याच्या आधारे ५०० डॉलरची करसवलत घेता येते. मोठी बालकर सवलत मात्र सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेल्या मुलांपुरतीच आहे.

या क्रमांकाने नोकरीचा हक्क मिळत नाही, व्हिसाचा दर्जा बदलत नाही, सोशल सिक्युरिटीचे लाभही मिळत नाहीत. काही प्रसंगी तो तोट्याचाही ठरला आहे. मार्च २०२० मध्ये करोनाकाळातील १,२०० डॉलरची मदत जाहीर झाली, तेव्हा संयुक्त विवरणपत्रात एका जोडीदाराचा 'आयटीआयएन' असल्यास दुसऱ्यालाही ती नाकारण्यात आली होती. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ती चूक पूर्वलक्षी प्रभावाने सुधारली.

सलग तीन वर्षे विवरणपत्रात न वापरलेला क्रमांक तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला रद्द होतो. तो पुन्हा हवा असल्यास नूतनीकरणही डब्ल्यू-७ नेच करावे लागते. जोडीदाराला पुढे कामाचा परवाना व सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला, तर त्या दिवसापासून 'आयटीआयएन' वापरणे थांबवावे आणि दोन्ही क्रमांकांखालील नोंदी एकत्र कराव्यात, असे करविभागाला पत्राने कळवावे. त्या पत्रासोबत सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत आणि हाती असल्यास 'सीपी ५६५' ची प्रत जोडायची असते.